हातोडा हाती घेतलेला महापौर

ऑक्टोबर १९३४. न्यूयॉर्कजवळच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका बार्जवर पोलिसांनी जप्त केलेल्या स्लॉट मशीनचा ढीग पडलेला. त्या ढिगापुढे जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा, अंगाने स्थूल असा एक गृहस्थ दोन्ही हातांनी अवजड हातोडा उगारून उभा आहे आणि समोर छायाचित्रकारांची गर्दी आहे. घाव बसले, यंत्रांचे पत्रे चेपले आणि मग ती सारी धेंडे लाँग आयलंड साउंडच्या पाण्यात ढकलून देण्यात आली. हे गृहस्थ होते न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया. आज हे नाव त्या शहरातील विमानतळामुळे जगाला ठाऊक आहे. पण त्यांच्या स्वभावाची ओळख विमानतळापेक्षा या हातोड्यातूनच अधिक पटते.

मुंबईच्या वाचकाला येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. आपल्याकडील महापौरपद बहुतांशी मानाचे. कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती आणि पोलीस राज्य सरकारच्या अखत्यारीत. न्यूयॉर्कचा महापौर मात्र शहराचा खराखुरा कारभारी असतो. पोलीस आयुक्त तोच नेमतो, परवाना खातेही त्याच्याच हाताखाली असते. त्यामुळे रेस्टॉरंट, बार किंवा मिठाईच्या दुकानात कोणते यंत्र ठेवू द्यायचे, हा त्याच्या दृष्टीने केवळ मत मांडण्याचा विषय नव्हता.

ला गार्डिया यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये झाला. वडील इटलीतून आलेले, अमेरिकन लष्करात बँडमास्तर. आई त्रिएस्तच्या ज्यू कुटुंबातली. बालपण मात्र गेले ॲरिझोनात, प्रेस्कॉटजवळच्या लष्करी छावणीत. तेथील जुगारी, ठेकेदार आणि आदिवासींच्या वाट्याचा शिधा लाटणारे सरकारी अधिकारी त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. एकदा गावात माकड घेऊन एक इटालियन पेटीवाला आला, तेव्हा इतर मुलांनी या इटालियन मुलाला त्यावरून चिडवले. हा अपमान त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात लष्कराला पुरवलेल्या निकृष्ट मांसाने वडिलांची प्रकृती ढासळली, अशी त्यांची ठाम समजूत होती. वडील १९०४ मध्ये वारले. लबाड व्यापाऱ्याविषयीची त्यांची चीड पुस्तकातून आलेली नव्हती, ती घरातून आली होती.

युरोपातील अमेरिकन वकिलातींत कारकुनी, मग फ्यूममध्ये वकिलातीचे प्रतिनिधी, पुढे एलिस आयलंडवर येणाऱ्या निर्वासितांसाठी दुभाष्या आणि रात्री कायद्याचा अभ्यास, असा त्यांचा पुढचा प्रवास. इटालियन, जर्मन, क्रोएशियन, यिडिश, हंगेरियन अशा भाषा त्यांना येत. १९१० मध्ये ते वकील झाले, १९१६ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले आणि पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून इटलीच्या आघाडीवरही जाऊन आले. १९२१ या एकाच वर्षात तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी या दोघींना त्यांनी गमावले.

काँग्रेसमधील त्यांच्या कारकिर्दीतली एक भूमिका या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ते देशव्यापी दारूबंदीचे कडवे विरोधक होते. जो कायदा लोक पाळणार नाहीत, तो केवळ चोरट्या विक्रेत्याला आणि लाचखाऊ पोलिसाला पोसतो, हे त्यांनी वारंवार मांडले. एवढेच नव्हे, तर १९२६ मध्ये उघडपणे बाजारातील दोन निर्धोक पेये एकत्र करून त्यांनी चक्क बिअर तयार करून दाखवली. असा माणूस सत्तेवर आल्यावर बंदीचाच सर्वात मोठा पुरस्कर्ता ठरावा, ही विसंगती त्यांच्या चरित्रात उघडपणे दिसते.

१ जानेवारी १९३४ रोजी त्यांनी महापौरपदाची सूत्रे घेतली, तेव्हा शहर मंदीने पिचलेले होते. आधीचे महापौर जिमी वॉकर भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे १९३२ मध्ये राजीनामा देऊन गेले होते आणि टॅमनी हॉल या राजकीय टोळक्याची पाळेमुळे पालिकेत खोलवर रुजलेली होती. त्या काळात शहरातील सिगारेटची दुकाने, खानावळी, मिठाईची दुकाने आणि गुत्ते यांत हजारो स्लॉट मशीन खडखडत होती. पाच सेंटचे नाणे टाकायचे, बाजूचा दांडा ओढायचा आणि तीन चाके थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचे. जागा देणाऱ्या दुकानदाराला वाटा मिळे, उरलेली रक्कम मालकाकडे जाई. या धंद्याचा सूत्रधार होता फ्रँक कॉस्टेलो. लहान मुलांचा हात दांड्यापर्यंत पोचावा म्हणून काही दुकानांत यंत्रापाशी छोटी शिडी ठेवलेली असे, अशी वर्णने आढळतात.

यंत्राची खरी करामत त्याच्या पोटातल्या पुदिन्याच्या गोळ्यांत होती. प्रत्येक नाण्यामागे गोळ्यांची एक लहानशी पुडी बाहेर पडे. म्हणजे हा जुगार नव्हेच, हे तर मिठाई विकणारे यंत्र, असा युक्तिवाद करायला मालक मोकळे! आश्चर्य असे, की तो काही काळ चाललाही. पोलिसांनी या यंत्रांना हात लावू नये, असा मनाईहुकूम यंत्रवाल्यांनी फेडरल न्यायालयातून मिळवला होता. ला गार्डिया यांनी हा मनाईहुकूम उठवण्यासाठी न्यायालयीन लढा दिला आणि १९३४ मध्ये तो उठलाही. परंतु तेवढ्यावर थांबणारा त्यांचा पिंड नव्हता. महापौर हा दंडाधिकारीही असतो, ही शहराच्या सनदेतील जुनी, विस्मृतीत गेलेली तरतूद त्यांनी शोधून काढली आणि एका पोलीस ठाण्यात जाऊन स्लॉट मशीनच्या खटल्यात ते स्वतःच दंडाधिकाऱ्याच्या आसनावर बसले. आरोप करणारे तेच, निवाडा करणारेही तेच, हे दृश्य कायद्याच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारेच म्हणावे लागेल. जनतेला मात्र ते आवडले.

मग हातोडा आला. नवे पोलीस आयुक्त लुईस व्हॅलेंटाइन यांच्या माणसांनी यंत्रे गोळा करायची आणि महापौरांनी ती फोडायची, तीही छायाचित्रकारांसमोर. यात नाटक होते, यात शंका नाही. पण ज्या शहरात कालपर्यंत पोलीसच यंत्रांकडे पाठ फिरवत होते, तेथे वारे फिरले आहे हे पोलिसांना आणि दुकानदारांना परिपत्रकाने कळले नसते.

यंत्रे संपली का? न्यूयॉर्कमधून ती बहुतांशी गेली. पण कॉस्टेलोने आपले बस्तान न्यू ऑर्लिन्सला हलवले. लुइझियानाचे सर्वेसर्वा ह्युई लाँग यांनीच आपल्याला बोलावले, असे त्याने पुढे साक्षीत सांगितले. एका शहराने हाकललेला धंदा दुसऱ्या शहराने ठेवून घेतला. याच लुइझियानात १९९० च्या दशकात बार, रेस्टॉरंट आणि ट्रकथांब्यांवर व्हिडिओ पोकरच्या यंत्रांना कायद्याने मुभा मिळाली. पुढे १९९६ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मतदारांना कौल विचारण्यात आला. ६४ पैकी ३३ पॅरिशनी यंत्रे नाकारली, बाकीच्यांनी ठेवली. न्यू ऑर्लिन्सने ती ठेवली.

स्थानिक सत्तेची धार किती असते हे कळल्यावर ला गार्डिया यांनी ती अनेक ठिकाणी चालवून पाहिली. डिसेंबर १९३५ मध्ये ते पहाटे ब्रॉन्क्सच्या घाऊक बाजारात गेले, तुताऱ्या वाजवून लोक जमवले आणि कोवळ्या आर्टिचोक या भाजीच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. त्या व्यापारावर एका गुंड टोळीची मक्तेदारी होती. टोळीची पकड ढिली होताच तीन दिवसांत बंदी मागे घेतली. हा डाव अचूक होता. रस्त्यावरच्या पेटीवाल्यांचे परवाने मात्र त्यांनी १९३६ पासून बंदच करून टाकले. वाहतुकीला अडथळा हे कारण देण्यात आले. प्रेस्कॉटमधील त्या माकडाची आठवण त्यामागे नव्हती, असे म्हणणे अवघड आहे. पोट भरणाऱ्या गरीब पेटीवाल्याचा यात काय दोष होता?

पिनबॉलची कथा या दोहोंच्या मधली आहे. १९३० च्या दशकात आलेल्या या खेळात नाणे टाकून स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी सोडायची, ती खिळ्यांवर आपटत कोठल्या खळग्यात पडते ते पाहायचे. गोळी परतवणारे फ्लिपर तेव्हा नव्हते. काही यंत्रे बक्षीस देत, काही नुसता फुकटचा डाव. पण त्या डावाचे पैसे दुकानदार गल्ल्यातून गुपचूप देई. शाळकरी मुलांच्या खाऊचे पैसे ही यंत्रे गिळतात आणि त्यामागे गुन्हेगारांचे हात आहेत, असे ला गार्डिया यांचे म्हणणे होते. ब्रॉन्क्समधील एका खटल्यात हा खेळ जुगार ठरला आणि जानेवारी १९४२ मध्ये शहरभर छापे सुरू झाले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. जप्त केलेल्या हजारो यंत्रांचा धातू युद्धसामग्रीसाठी दिला गेला आणि लाकडी पायांपासून पोलिसांचे दंडुके बनवण्यात आले.

स्लॉट मशीनमध्ये खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसते, हे उघड आहे. पिनबॉलमध्ये थोडे तरी असते. खेळ आणि जुगार यांतील ही सीमारेषा पाहण्याइतका धीर महापौरांकडे नव्हता. पैशांसाठी खेळवणाऱ्या दुकानदाराला पकडण्याऐवजी त्यांनी यंत्रच हद्दपार केले. अंमलबजावणी त्यामुळे सोपी झाली, हेही तितकेच खरे.

तीन कारकिर्दी पूर्ण करून १९४५ च्या अखेरीस ते पायउतार झाले. त्याच वर्षी वृत्तपत्रांचा संप असताना नभोवाणीवरून मुलांसाठी चित्रकथा वाचून दाखवणारे महापौरही हेच. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेचे काम त्यांनी काही काळ पाहिले. २० सप्टेंबर १९४७ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बारा वर्षे एवढ्या मोठ्या शहराची तिजोरी सांभाळलेल्या या माणसामागे गहाण टाकलेले घर आणि आठ हजार डॉलरचे रोखे एवढीच मालमत्ता निघाली.

त्यानंतरच्या महिन्यात शिकागोच्या गॉटलिब कंपनीने फ्लिपर बसवलेले पहिले पिनबॉल यंत्र बाजारात आणले. खेळ बदलला, न्यूयॉर्कची बंदी बदलली नाही. ती चौतीस वर्षे टिकली. १९७६ मध्ये नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला यंत्र मांडून खेळायला सांगण्यात आले. गोळी मधल्या मार्गानेच जाईल, असे आधी सांगून त्याने दट्ट्या ओढला. हा दट्ट्या १९४२ च्या यंत्रातही होता. गोळी मधल्याच मार्गाने गेली, हा कौशल्याचा खेळ असल्याचे समितीला पटले आणि बंदी उठली. तो नेम केवळ नशिबाने लागला होता, हे शार्प यांनी नंतर स्वतःच कबूल केले.