दीपधारिणी आणि झोपेचा हिशेब

दरवर्षी १२ मे जवळ आला की आमच्या महिला मंडळात परिचारिका दिनाचा कार्यक्रम ठरलेला. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना बोलवायचं, गुलाबाचं फूल आणि नारळ द्यायचा, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार घालायचा, मग चहा-पोहे. भाषण बहुधा माझ्याकडे असतं, कारण मी बी. ए. झालेली आणि बोलायला न लाजणारी. हाती दिवा घेऊन रात्ररात्र जागणारी माउली, हेच भाषण मी वर्षानुवर्षं केलं. यंदा मात्र ते घशात अडकलं.

कारण गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळा वॉर्ड भरलेला आणि रात्री सिस्टर एकच. पहाटे तीनच्या सुमारास ती इंजेक्शन घेऊन आली. सासूबाईंचा हात धरला, तेवढ्यात मी सहज नाव विचारलं. इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या आजींचं होतं! आडनाव एकच, म्हणून गफलत. मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सकाळी तक्रारीचा अर्जही लिहून दिला. ती बिचारी एक अक्षर बोलली नाही. नंतर तिथल्या मावशींकडून कळलं की ती आदल्या दुपारी दोनपासून ड्युटीवर होती. तिला सोडवायला येणारी आलीच नाही. घरी दोन वर्षांचं लेकरू, म्हणजे सकाळी सहापासून ती जागीच असणार. मी बोटं मोडून हिशेब केला. इंजेक्शन चुकलं तेव्हा तिला जागून एकवीस तास झाले होते.

अर्ज तर देऊन बसले होते. मनाला रुखरुख लागली. म्हणून यंदा भाषणापूर्वी वाचनालयातून नाइटिंगेलबाईंवरची पुस्तकं आणली आणि नीट वाचली. मैत्रिणींनो, मला वाटत होती त्यापेक्षा ही बाई फार वेगळी निघाली.

तिचा जन्म १२ मे १८२०चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातला, म्हणून नावही तेच. घर इंग्लंडातलं, गडगंज श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. हिला गणिताची भारी ओढ. सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला मनोमन वाटलं. पण त्या काळी दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांना फार हलकं समजत, दारूड्या म्हणून त्यांची बदनामी होती. आईने आकांत केला, बहीण आजारी पडली. चांगलं स्थळ चालून आलं होतं, तेही हिने १८४९ मध्ये नाकारलं. अखेर १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थ इथे जाऊन तीन महिने ती शुश्रूषा शिकली. तेव्हा वय एकतीस. घरच्यांशी चौदा वर्षं भांडून मिळालेले ते तीन महिने!

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठीच्या एका संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. इथलं तिचं वागणं वाचून मी थबकले. तिने पहिला आग्रह धरला तो परिचारिकांचे पाय वाचवण्याचा. गरम पाणी नळाने वरच्या मजल्यांवर यावं, जेवणाची ताटं वर ओढून घ्यायला पाळणा असावा, कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली ते चटकन दिसावं. जिने चढण्या-उतरण्यात बाईचा जीव गेला, तर रुग्णाजवळ बसणार कोण, असा तिचा रोकडा विचार. पाण्याच्या कळशा वाहण्यात जन्म घालवलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हा विचार ताबडतोब पटला असता.

मग क्रिमियाचं युद्ध आलं. मंत्री सिडनी हर्बर्ट तिचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून अडतीस जणींना घेऊन ती ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिथे घाण, उंदीर, उवा, अंथरुणांची वानवा. तिने कपडे धुण्याची सोय केली, स्वयंपाकघर सुधारलं, स्वतः वीस-वीस तास राबली. रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरत असे, ते चित्र खरंच आहे. मात्र रात्री आठनंतर बाकीच्या बायकांना वॉर्डात थांबायची तिने मनाई केली होती, हे आपल्याला कुणी सांगत नाही. कारण मुख्यतः मर्यादेचं होतं. पण तिच्या हाताखालच्या बायका रात्री झोपत, एवढं खरं.

आणि पुढची गोष्ट तर चटका लावणारी. इतकं राबूनही माणसं मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. इमारतीखाली गटारं तुंबलेली, पाणी दूषित. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोगाची माणसं आली. त्यांनी गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हा आकडा २ वर आला. १८५६ मध्ये ती घरी परतली ती खोटं नाव घेऊन, सत्कार टाळत. मग विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर सगळ्या मृत्यूंचा हिशेब मांडला. जखमांपेक्षा रोगराईने कितीतरी जास्त शिपाई गेले होते. हे आकडे सत्ताधाऱ्यांना एका नजरेत कळावेत म्हणून तिने पाकळ्यापाकळ्यांचे रंगीत आलेख काढले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतलं, असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

तिथून पुढे तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर. एकट्यादुकट्या बाईच्या त्यागावर दवाखाना चालत नसतो, व्यवस्था लागते. आपण तिथे नसतानाही काम नीट व्हावं अशी तजवीज करणं म्हणजे खरी देखभाल, असं तिने १८५९ मध्ये लिहिलेल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात बजावलं. रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नका, हेही त्यातच आहे. आणि झोपेचा विचार तिने परिचारिकांसाठीही केला होता. लंडनच्या जुन्या दवाखान्यांत परिचारिका वॉर्डाबाहेरच्या जिन्याच्या चौकात लाकडी खुराड्यांत झोपत. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा त्या गोंगाटात डोळा लागणं अशक्य, ही गोष्ट तिला खटकली आणि तिने ती नोंदवून ठेवली. १८६० मध्ये लोकवर्गणीतून सेंट थॉमस रुग्णालयात तिची परिचारिका शाळा निघाली, तेव्हा शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला स्वतंत्र खोली मिळाली. तेव्हा केवढी चैन वाटली असेल ती!

पण दिव्याखाली अंधार असतो, तसा तो इथेही होता. स्वतःच्या बाबतीत तिने हा विवेक पाळला नाही. क्रिमियात जडलेल्या तापाने पुढची कित्येक वर्षं ती बहुतांशी खोलीत आणि अंथरुणात राहिली, पण काम थांबवलं नाही. आजारी हर्बर्टनाही तिने उसंत दिली नाही. १८६१ मध्ये ते गेले. आणि तिच्याच शाळेत शिकलेली, तिची लाडकी ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या गरिबांच्या रुग्णालयात गेली. तिथे हजारावर रुग्ण. ॲग्नेसने जीव तोडून काम केलं आणि १८६८ मध्ये टायफस तापाने ती गेली. वय अवघं पस्तीस. फ्लोरेन्सने तिच्यावर लेख लिहिला, पण तिची जागा भरून निघेना.

बाई हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या सैनिकांच्या, खेड्यापाड्यांच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा अभ्यास तिने खोलीत बसून केला. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावाच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिला झोपेतच मरण आलं. थोरामोठ्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतली जागा घरच्यांनी नाकारली. गावच्या साध्या थडग्यावर नावाची फक्त आद्याक्षरं आहेत.

तिने मांडलेला हिशेब पुढे इतरांनी पूर्ण केला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि डोकं थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकं मंदावतं, आणि तेवढी दारू पिऊन गाडी चालवायला अनेक देशांत बंदी आहे. अमेरिकेत शेकडो परिचारिकांनी आपल्या ड्युटीचे तास आणि चुका वहीत टिपल्या. २००४ मध्ये निष्कर्ष आला. साडेबारा तासांच्या पुढे काम गेलं की चूक होण्याची शक्यता तिप्पट. त्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञांच्या अहवालाने सांगितलं की चोवीस तासांत बारा आणि आठवड्यात साठ तासांपेक्षा जास्त काम परिचारिकेला देऊ नये. २००२ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला, तशी मृत्यूची शक्यता दर रुग्णामागे सात टक्क्यांनी वाढत गेली.

हे वाचलं आणि त्या रात्रीची सिस्टर डोळ्यांपुढे उभी राहिली. सलग तेरावा तास आणि एकवीस तासांचं जागरण. तिच्या जागी माझी लेक असती तर? घरात आजारी माणूस असताना चार रात्री जागून दुधात साखरेऐवजी मीठ मी स्वतः टाकलंय. तिच्या हातात दूध नव्हतं, सुई होती, एवढाच फरक.

चूक ती चूकच. सासूबाईंच्या जिवावर बेतलं असतं आणि तेव्हा मी विचारलं हे बरंच केलं. तुम्हीही विचारा, न लाजता विचारा. औषध देताना नाव, कशाचं औषध, कोणत्या रुग्णाचं. पण विचारताना आवाज चढवू नका.

मी दवाखान्यात जाऊन अर्ज मागे घेतला आणि दुसरा दिला. त्यावर मंडळातल्या सगळ्याजणींच्या सह्या आहेत. सिस्टरच्या किती जागा रिकाम्या आहेत, दोन ड्युट्या सलग का लावाव्या लागतात, रात्रपाळी केलेल्या बाईला घडीभर पाठ टेकायला खोली आहे का, एवढे तीनच प्रश्न त्यात आहेत. अजून उत्तर आलेलं नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

यंदा कार्यक्रमात हार-तुरे कमी केले. भाषणात त्या दिव्याबद्दल थोडंच बोलले, जिन्यातल्या त्या खुराड्यांबद्दल जास्त. ती सिस्टरही आली होती, मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मी तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली की ताई, आज ऑफ आहे, घरी जाऊन झोपते. मी तिला चहाला थांबवलं नाही.