सत्यजित राय यांच्या आजोबांनी सोडवले ब्लॉकचे गणित

चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय जगाला ठाऊक आहेत. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी भारतातील चित्रछपाई बदलली, तीही शिक्षणासाठी परदेशी न जाता.

कोण होते?
जन्म १८६३ चा, आजच्या बांगलादेशातील मैमनसिंह भागातला. मूळ नाव कामदारंजन. लहानपणीच एका जमीनदार नातेवाइकाने त्यांना दत्तक घेतले. कोलकात्यात ते पदवीधर झाले. ते चित्रे काढत, व्हायोलिन वाजवत, मुलांसाठी लिहीत.

अडचण काय होती?
मुलांसाठी लिहिलेल्या रामायणात त्यांची स्वतःची चित्रे होती. लाकडी ठशांतून छापताना ती पार बिघडली. खिळ्यांच्या छपाईत फक्त उंच भागाला शाई लागते. त्यामुळे कागदावर एक तर काळे उमटते किंवा पांढरे राहते. मधली करडी छटा आणायची कशी?

हाफटोन ब्लॉक कसा बनतो?
- कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या बारीक रेघांची काच बसवून चित्राचा फोटो घेतात. चित्र ठिपक्यांत फुटते. गडद जागी ठिपके मोठे, फिकट जागी लहान.
- हे चित्र संवेदनशील लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवतात. प्रकाश लागलेला लेप टणक होतो, उरलेला धुऊन जातो.
- आम्लात उघडा धातू झिजतो, ठिपके उंच राहतात.
- पत्रा लाकडावर बसवून खिळ्यांच्या उंचीचा करतात. मग ब्लॉक मजकुराशेजारी छापता येतो.

त्यांनी काय केले?
१८९५ च्या सुमारास त्यांनी ब्रिटनमधून साहित्य मागवून व्यवसाय सुरू केला. काच आणि फोटोची प्लेट यांत अंतर किती, भिंगाचे छिद्र कसे असावे, हे तेव्हा बरेचसे अंदाजाने ठरे. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचे गणित मांडले. लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात १८९७ पासून त्यांचे लेख छापून आले.

पुढे काय झाले?
१९१३ मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. मजकूर, चित्रे आणि ब्लॉक, तिन्हींत त्यांचा हात होता. २० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले. ब्रिटनमध्ये छपाई शिकून आलेले पुत्र सुकुमार यांनी काम सांभाळले, पण १९२३ मध्ये तेही गेले. त्यानंतर काही वर्षांतच व्यवसाय बुडाला आणि छापखान्याचे राहते घर कुटुंबाला सोडावे लागले. तेव्हा सत्यजित लहान होते.