लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, पण पोरांना उपाशी ठेवलं नाही. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगची गोष्ट

सातारा : घरात आधी कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा हजारो पोरांना पदवीपर्यंत नेणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. पुढे किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याचं पोर हुशार असूनही ढोरांमागं जातं, कारण तालुक्याला राहायची-जेवायची सोय नाही, हे त्यांनी डोळ्यानं पाहिलं. शाळा काढून भागणार नाही, आधी बोर्डिंग पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ ला संस्था साताऱ्यात आली. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

या पोरांची आई झाल्या लक्ष्मीबाई. त्या सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातल्या. तरी सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. कोठीतलं धान्य संपलं की त्या एकेक दागिना काढून द्यायच्या. शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं पहिलं कॉलेज त्यांना पाहायला मिळालं नाही.

अण्णा थांबले नाहीत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. फी नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, पण फुकटही शिकायचं नाही, असा तिथला रिवाज. पोरं शेतात राबायची, खडी फोडायची, बांधकामावर जायची आणि त्या कष्टावर शिकायची. त्यामुळं गरिबाच्या पोराला कुणापुढं हात पसरावा लागला नाही. १९५४ मध्ये कराडला दुसरं कॉलेज निघालं. त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं.

मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं. ९ मे १९५९ रोजी अण्णा गेले.

पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आज त्यांच्याच नावानं चालते. कॉलेजात काम करून शिक्षणाचा खर्च भागवणारी खेड्यातली पोरं-पोरी अण्णांच्याच वाटेनं चालली आहेत.