विश्लेषण : रक्तदाबाच्या मुळीने कंपवाताचे कोडे कसे सोडवले? कोण होते डॉ. रुस्तम वकील?

हात थरथरतो म्हणजे वय झाले. चाल मंदावली म्हणजे अशक्तपणा आला. फिट आली म्हणजे बाहेरचे काही लागले. परभणी, जिंतूर, गंगाखेडकडच्या घरांमध्ये आजही ही कारणे ऐकू येतात. प्रत्यक्षात मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात आणि या तिन्ही तक्रारींचा संबंध त्या रसायनांशी असू शकतो.

हे जगाला ज्या संशोधनातून उमगले, त्यातला एक महत्त्वाचा दुवा मुंबईच्या केईएम रुग्णालयात सापडतो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आपल्याकडचे रुग्ण आजही तिथे पोहोचतात. विशेष म्हणजे हा दुवा जोडणारे डॉ. रुस्तम जाल वकील मेंदूचे नव्हे, हृदयाचे डॉक्टर होते.

कोण होते डॉ. वकील?

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. १९३८ मध्ये ते मुंबईत परतले आणि पुढे परळच्या केईएम रुग्णालयात व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये काम करू लागले.

तेव्हा उच्च रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळपास नव्हतेच. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, यापलीकडे डॉक्टरांकडे सांगण्यासारखे फार काही नसायचे. काही ठिकाणी रक्तदाब उतरावा म्हणून शस्त्रक्रिया करून नसा कापल्या जात. अशा रुग्णांवर उपचार करताना वकील यांनी आपल्याकडच्या एका झुडपाच्या मुळीकडे लक्ष दिले. ती होती सर्पगंधा.

सर्पगंधा आधीच माहीत होती, मग त्यांनी वेगळे काय केले?

सर्पगंधेचा वापर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. साप चावणे, झोप न लागणे, वेड लागणे अशा तक्रारींवर ती दिली जाई. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मानसिक आजार व रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे लिहिले होते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतून काही रसायने वेगळी काढली आणि त्यातील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन हे नाव दिले.

म्हणजे माहिती होती, पण ती देशाबाहेर फारशी गेली नव्हती. वकील यांनी केलेले काम वरकरणी साधे वाटेल. त्यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब नियमित मोजला आणि नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा लेख छापून आला. गुण आला, असे सांगणे वेगळे आणि किती जणांना किती आला हे आकड्यांत दाखवणे वेगळे. तो लेख बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, त्यांनी मुळी मागवून स्वतःच्या रुग्णांवर ती तपासली आणि सर्पगंधा अमेरिकेत पोहोचली.

मग कंपवात यात कुठून आला?

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पिन. रक्तदाबासाठी ते जगभर वापरले जाऊ लागले. पाठोपाठ मानसिक रुग्णालयांमध्येही ते दिले जाऊ लागले, तेही बरेच मोठ्या मात्रेत.

तिथे डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही रुग्णांचे अंग ताठ होऊ लागले, हात थरथरू लागले, चेहरा निर्विकार झाला, चाल मंदावली. ही सगळी लक्षणे कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन आजाराची. औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे ओसरत. एखाद्या औषधाने कंपवातासारखी अवस्था येते आणि जाते, याचा अर्थ या आजाराच्या मुळाशी मेंदूतील कुठले तरी रसायन असले पाहिजे. पण कुठले?

रेसर्पिन मेंदूत नेमके काय करते?

येलदरी धरणाचे उदाहरण घेऊ. धरणात पाणी साठते, गरजेप्रमाणे कालव्यात सोडले जाते आणि शेतापर्यंत पोहोचते. मेंदूतील पेशीही डोपामिनसारखी रसायने सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवतात. हालचालीचा निरोप द्यायचा असला की पिशवीतील रसायन बाहेर सोडले जाते आणि शेजारची पेशी ते टिपते.

पिशव्या भरण्यासाठी पेशीत एक पंप असतो. रेसर्पिन नेमका हा पंप बंद पाडते. पिशवीत न पोहोचलेले रसायन पेशीतच नष्ट होते. पेशी जिवंत असते, पण साठा संपलेला असतो. धरण शाबूत आहे, मात्र कालव्याला सोडायला पाणी नाही, अशी ही स्थिती. पार्किन्सन आजारात प्रकार याहून गंभीर असतो. तिथे डोपामिन बनवणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात, म्हणजे धरणच खचत जाते.

उत्तर कोणी शोधले?

स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी. डोपामिन म्हणजे दुसरे एक रसायन बनतानाची मधली पायरी, एवढेच तोवर मानले जात होते. १९५७ मध्ये कार्लसन यांच्या गटाने रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना आणि उंदरांना लेव्होडोपा टोचले. हा डोपामिन बनवण्याचा कच्चा माल. थोड्याच वेळात प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतंत्र निरोप्या आहे, हे त्यातून पुढे आले.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिव्हिच आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी पार्किन्सनने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन खूपच कमी होते. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा देण्यात आले. आज कंपवातावरचे मुख्य औषध तेच आहे. डोपामिन थेट का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरू शकते. आपल्याकडच्या बांधावरील खाजकुयलीच्या बियांतही हेच लेव्होडोपा असते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

आणि फिटचा संबंध काय?

फिट म्हणजे मेंदूतील अनेक पेशींनी एकाच वेळी बेफाम संदेश सोडणे. मेंदूत ग्लुटामेट हे रसायन ॲक्सिलरेटरचे काम करते, तर गाबा हे ब्रेकचे. ब्रेक कमी पडला किंवा ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला की आकडी येऊ शकते. फिटच्या अनेक गोळ्या गाबाचा ब्रेक घट्ट करतात. म्हणूनच त्या अचानक बंद केल्या की फिट पुन्हा, कधी कधी आधीपेक्षा जोरात येते.

रेसर्पिनने साठा रिकामा होतो तो एकट्या डोपामिनचा नव्हे, नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिनचाही. असा साठा संपला की प्राण्यांना फिट लवकर येते, हेही प्रयोगांत दिसले. त्यामुळे फिटच्या रुग्णांना रेसर्पिन देताना सावध राहावे लागते.

याच्या उलट, हंटिंग्टन आजारात हातापायांच्या अनावर हालचाली होतात. तिथे डोपामिनचा निरोप कमी करायचा असतो. त्यासाठी आज वापरले जाणारे टेट्राबेनाझिन रेसर्पिनप्रमाणे तोच पंप रोखते. एकीकडे त्रास देणारा परिणाम दुसरीकडे उपचार ठरला.

डॉ. वकील यांचे पुढे काय झाले?

१९५७ मध्ये, म्हणजे कार्लसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ते हृदयरोगतज्ज्ञ म्हणूनच काम करत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

डोपामिनचा शोध त्यांनी लावला नाही आणि कंपवात हा त्यांचा विषयही नव्हता. पण त्यांच्या ५० रुग्णांच्या नोंदींमुळे सर्पगंधा जगाच्या प्रयोगशाळांत गेली आणि पुढचे प्रश्न उभे राहिले. रक्तदाबावर आता अधिक सुरक्षित औषधे आहेत, त्यामुळे रेसर्पिन मागे पडले आहे.

आपण काय लक्षात ठेवायचे?

* झाडपाला आहे म्हणजे निर्धोक, असे नाही. सर्पगंधेची पूड किंवा खाजकुयलीच्या बिया मनाने घेऊ नका. दोन्ही थेट मेंदूतील रसायनांवर काम करतात.

* कंपवातासारखी लक्षणे आजही काही औषधांमुळे येतात. मानसिक आजारांवरील काही गोळ्या, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, चक्कर व अर्धशिशीसाठीचे सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन ही त्यांतली काही. ज्येष्ठांना धोका अधिक असतो. घरात कोणाचा हात नव्याने थरथरू लागला, तर सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. औषध बदलल्यावर अनेकांचा त्रास कमी होतो. मात्र गोळी स्वतःहून थांबवू नका.

* फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी किंवा काहीही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवण्याने फिट थांबत नाही. घड्याळाकडे पाहा आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ वर फोन करून रुग्णालय गाठा.

* फिटच्या गोळ्या बरे वाटले म्हणून सोडू नका. त्या कधी आणि कशा कमी करायच्या, हे डॉक्टरच ठरवतील.