साने गुरुजी : ‘श्याम’ची जडणघडण

आपण कोण आणि आपले स्थान कोठे, हा प्रश्न कुमारवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी असतो. मराठीत या प्रश्नाला ‘श्याम’ या व्यक्तिरेखेने रूप दिले. तिची जडणघडण समजण्यासाठी साने गुरुजींचे चरित्र पाहणे आवश्यक आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, परंतु त्यांच्या बालपणीच त्याचे वैभव ओसरले. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे असे गावोगाव जावे लागले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा ते घरापासून दूर होते. अखेरची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे.

एम. ए. झाल्यावर १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. घर हरवलेल्या या तरुणाला येथे आपले माणूसपण गवसले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली; १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आश्रमातील मित्रांना प्रौढ श्याम रोज रात्री आठवणी सांगतो, अशी तिची रचना आहे. हट्टी, भित्रा, प्रसंगी चुकणारा मुलगा आईच्या संस्कारांतून घडत जातो. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ यांत हाच मुलगा घराबाहेरच्या जगात स्वतःला शोधतो, तर ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत वसतिगृहातील विद्यार्थी जीवनाचे ध्येय शोधतात. कुळ वा संपत्ती नव्हे, तर इतरांशी जोडलेले नाते माणसाची ओळख ठरवते, हे या लेखनाचे सूत्र होय.

हे सूत्र त्यांनी आचरणातही आणले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. दहाव्या दिवशी संमती मिळाली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मात्र गांधीजींच्या हत्येने ते अंतर्बाह्य खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. असंख्य मुलांना आधार देणाऱ्या लेखकाचा हा शेवट त्यांच्या साहित्यातील करुणेकडे अधिक गांभीर्याने पाहावयास लावतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : श्यामची ओळख घडवण्यात घर आणि घराबाहेरचे जग यांचा वाटा स्पष्ट करा.