मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली

यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. घरात कोलामी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं आणि कानावर पडते मराठी. ते गप्प बसलं, तर चूक कुणाची? मुलाची, घरच्यांची, की शिकवणाऱ्याची?

शिक्षक होऊ घातलेली व्यक्ती या प्रश्नाचं काय उत्तर देते, यावर तिचं पुढचं शिकवणं बरंचसं ठरतं. परिणामाची दोरी आपल्या हातात आहे की परिस्थितीच्या, या समजुतीला मानसशास्त्रात 'लोकस ऑफ कंट्रोल' म्हणतात. ज्युलियन रॉटर या अमेरिकन अभ्यासकानं ही कल्पना मांडली. त्याला जोडूनच दुसरी समजूत असते : ज्ञान पुस्तकातून मुलाच्या डोक्यात ओतायचं, की मूल ते स्वतः घडवतं?

या दोन्ही समजुती प्रत्यक्ष कामातून हलवणारी बाई म्हणजे ताराबाई मोडक.

जन्म १८९२ चा. वडील सदाशिव केळकर प्रार्थना समाजाचे. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या, लग्नानंतर अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही, १९२१ मध्ये घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी, पदरात मुलगी असताना, हे किती अवघड असेल याचा अंदाज करा. त्यांनी थेट राजकोट गाठलं आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. म्हणजे शिक्षिका घडवण्याचंच काम.

पण खरी कलाटणी भावनगरला. गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत त्यांनी माँटेसरी पद्धत जवळून पाहिली : छडी नाही, घोकंपट्टी नाही, मूल वस्तू हाताळत शिकतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं आणि तिथं शिक्षिकाही तयार होऊ लागल्या.

दादरमध्ये हे जमलं. खेड्यात? माँटेसरीची साधनं महागडी. १९४५ मध्ये ताराबाई पालघर पट्ट्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ, बालविधवा, पुण्यात शिक्षिका असलेल्या. साधनं परवडत नाहीत म्हटल्यावर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे गोळा झाले. शिकवण्याचं साहित्य आसपासच सापडलं.

वारली मुलं तरीही येईनात. आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. ताराबाई-अनुतींनी कारण शोधलं. मुलं गुरं राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. मग शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंडांमुळे मोठ्यांची शाळा बुडू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. १९५७ मध्ये हे सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर हललं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज झरी जामणीच्या पोडावरची पाटीही तोच शब्द सांगते.