पुराव्याचे माप : डेव्हिड ह्यूम, जीवन आणि विचार

इ.स. १६९७ च्या ८ जानेवारीस स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराबाहेर, लीथ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थॉमस एकनहेड नावाच्या सुमारे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास फाशी देण्यात आली. त्याने खून केला नव्हता की दरोडा घातला नव्हता. बायबलातील कथा माणसांनी रचलेल्या आहेत, असे तो मित्रमंडळींत बोलला होता आणि त्या मंडळींपैकीच काहींनी न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. त्याने क्षमायाचना केली, ती फेटाळली गेली. ईश्वरनिंदेच्या आरोपावरून ब्रिटनमध्ये दिलेली ही अखेरची फाशी होय.

त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, १७११ साली, त्याच शहरात डेव्हिड ह्यूमचा जन्म झाला, आणि पुढे एकनहेडच्याच विद्यापीठात तो शिकला. ईश्वराच्या अस्तित्वाला पुरावा कोणता, हा प्रश्न आज आपल्या विद्यालयातील आठवीचा विद्यार्थीही निर्भयपणे विचारतो. तो विचारण्याची किंमत ज्या शहरात गळफासाने चुकवावी लागली होती, तेथे हा मनुष्य आयुष्यभर तोच प्रश्न विचारीत राहिला. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस ह्यूमचे चरित्र वारंवार उघडावे लागते, ते याच कारणाने. त्या चरित्रात एक मोठा डागही आहे, आणि तो झाकून ठेवण्याचा आमचा इरादा नाही.

ह्यूम दोन वर्षांचा असताना वडील वारले. नाइनवेल्स येथील लहानशा शेतीवाडीवर आईने तीन मुलांना वाढविले. घराण्याचा पंथ प्रेस्बिटेरियन, अतिशय कडक शिस्तीचा. लहानपणी हा मुलगा नीतिपर ग्रंथातील दुर्गुणांची यादी घेऊन स्वतःचे मन तपासून पाहत असे. खून, चोरी ही पापे मात्र त्याने यादीतून वगळली होती, कारण ती करण्याची संधीच त्याला नव्हती! बाराव्या वर्षाच्या सुमारास तो विद्यापीठात दाखल झाला. पुढे लॉक आणि सॅम्युअल क्लार्क यांचे ग्रंथ त्याच्या वाचनात आले. क्लार्क हा ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करू पाहणारा मोठा धर्मपंडित. त्याचे ग्रंथ वाचू लागल्यापासून आपली धर्मावरील श्रद्धा उरली नाही, असे ह्यूमने अखेरच्या आजारात सांगितले. जो युक्तिवाद श्रद्धा बळकट करण्यासाठी लिहिला गेला, त्यानेच ती सैल केली.

घरच्यांना तो वकील व्हावा असे वाटे. त्याचे मन कायद्यात रमले नाही. अतिवाचनाने प्रकृती ढासळली. १७३४ साली काही महिने ब्रिस्टल येथे साखरेच्या एका व्यापाऱ्याकडे त्याने नोकरी केली. ही साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

नोकरी सोडून ह्यूम फ्रान्सला गेला व ला फ्लेश या गावी स्वस्तात राहून लेखन करू लागला. तेथे जेझुइट पाद्र्यांचे प्रसिद्ध विद्यालय होते. देकार्त तेथेच शिकलेला. एके दिवशी विद्यालयाच्या ओवऱ्यांतून फिरताना एक विद्वान पाद्री त्यांच्या मठात नुकत्याच घडलेल्या एका चमत्काराचे वर्णन करू लागला. त्याचे खंडन करता करता ह्यूमला एक युक्तिवाद सुचला. पाद्री क्षणभर निरुत्तर झाला. मग म्हणाला की हा युक्तिवाद मान्य केला, तर बायबलातील चमत्कारही त्याच न्यायाने जातील. ह्यूमला हा आक्षेप वाटलाच नाही, उलट ते उत्तर पुरेसे वाटले.

तो युक्तिवाद असा. शहाणा मनुष्य जितका पुरावा तितकाच विश्वास ठेवतो. चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग. आणि निसर्गनियम म्हणजे असंख्य लोकांच्या अखंड अनुभवाने सिद्ध झालेली गोष्ट. म्हणून चमत्काराची वार्ता कानी आली की तराजूच्या एका पारड्यात तो सारा अनुभव घालावा आणि दुसऱ्यात सांगणाऱ्याची साक्ष. सांगणारा फसला असेल किंवा फसवीत असेल, ही शक्यता चमत्काराहून अधिक आश्चर्याची ठरत असेल, तरच त्याचे म्हणणे स्वीकारावे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, हे पालकवर्गास स्मरत असेल. डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणारे लक्षावधी साक्षीदार होते. चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे दगडाकडे ओढले जाते व ओघळून खाली उतरते, हे तपासण्याची तसदी मात्र रांगेतील फार थोड्यांनी घेतली.

१७३९ साली ह्यूमचा पहिला मोठा ग्रंथ निनावी प्रसिद्ध झाला, तेव्हा चमत्कारांवरील हा भाग त्याने त्यातून काढून टाकला होता. धर्ममार्तंड दुखावतील, ही भीती त्यालाही होती. तो भाग १७४८ साली छापला गेला. दरम्यान १७४५ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापकपद आणि पुढे ग्लासगोचेही पद त्याला नाकारण्यात आले. ज्याला आज इंग्रजी भाषेतील सर्वश्रेष्ठ तत्त्वचिंतकांत गणतात, त्याला जन्मभर एकाही विद्यापीठाने खुर्ची दिली नाही. १७५२ पासून तो वकिलांच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. त्याने मागविलेली तीन फ्रेंच पुस्तके विश्वस्तांनी अश्लील ठरवून काढून टाकली, तेव्हा त्याने पद सोडले नाही. कारण त्याच ग्रंथालयात बसून त्याला इंग्लंडचा इतिहास लिहावयाचा होता. पगार मात्र त्याने ब्लॅकलॉक नावाच्या एका अंध कवीस देऊन टाकला. चर्चच्या महासभेपुढे त्याच्यावर कारवाईचा प्रस्तावही आला होता, तो बारगळला. काळ बदलत होता, आणि तो बदलण्यात ह्यूमचा वाटा होता.

ईश्वराच्या प्रश्नावरील त्याचा मुख्य ग्रंथ तीन मित्रांच्या संवादाच्या रूपात आहे. १७५० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्याचा बराचसा भाग लिहून झाला होता. पण मित्रांच्या आग्रहावरून तो कपाटातच राहिला. ईश्वरवाद्यांचा सर्वांत आवडता दाखला त्यात तपासला आहे. घर पाहिले की गवंड्याचे अनुमान होते, तसे विश्व पाहून विश्वकर्त्याचे अनुमान करावे, हा तो दाखला. ह्यूमचे पात्र विचारते, घरे बांधली जाताना आपण पाहिली आहेत, म्हणून घरावरून गवंडी कळतो. विश्वे निर्माण होताना कोणी पाहिली? विश्व तर एकच आहे, तुलना कशाशी करणार? आणि विश्व हे घरासारखेच का मानावे, झाडासारखे का नाही? झाड तर बीजातून आपोआप वाढते. बरे, कर्ता मानलाच, तर तो एकच कशावरून? मोठे जहाज अनेक सुतार मिळून बांधतात, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या चुकत शिकत. शिवाय जगातील रोगराई, उपासमार आणि वेदना पाहता तो कर्ता सर्वशक्तिमान आणि दयाळू दोन्ही असल्याचे अनुमान कोणत्या पुराव्यावर करावे?

हे वाचताना आपल्या वाचकांस दीघनिकायातील तेविज्ज सुत्त आठवल्याशिवाय राहणार नाही. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे नेणारा मार्ग कोणता, या वादाचा निवाडा मागण्यास तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना विचारले की तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, वा मंत्र रचणाऱ्या प्राचीन ऋषींपैकी कोणी ब्रह्मास पाहिले आहे काय? पाहिले नव्हते. महालच ठाऊक नसताना चौकात त्यावर चढण्याची शिडी बांधणाऱ्या माणसाचा दृष्टांत तेथेच येतो. बाबासाहेबांनीही आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वासाची चिकित्सा करताना हाच प्रसंग घेतला आहे. आमच्या मते दोघांत एक महत्त्वाचा भेद आहे. ह्यूम शंकेपाशी थांबतो. तथागत त्याच संभाषणात पुढे मैत्री आणि करुणेचा मार्ग दाखवितात. ईश्वर सिद्ध झाला नाही म्हणून माणसाचे माणसाशी नाते सैल होत नाही, हे तेथे आचरणातून मांडले आहे.

ह्यूमने मनुष्याच्या ‘मी’चाही शोध घेतला होता. मनात डोकावले की संवेदना, विचार आणि भावनांचा वाहता समूह सापडतो. त्यांच्यामागे बसलेला कोणी कायम आत्मा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा अनात्मवादाच्या इतका जवळ आहे की त्याने बुद्धविचार कोठून ऐकला असावा काय, असा प्रश्न विद्वानांना पडला. अॅलिसन गॉपनिक या अमेरिकन विदुषीने २००९ साली दाखवून दिले की ह्यूम ला फ्लेश येथे राहत असताना सयाम देशात जाऊन आलेला दोलू नावाचा वृद्ध जेझुइट तेथेच होता. आणि तिबेटात राहून तेथील धर्मग्रंथांचा अभ्यास केलेला देसिदेरी हा पाद्री काही वर्षे आधी त्या विद्यालयास भेट देऊन गेला होता. आपल्या समाजात ही कथा कोणी सांगितली, तर टाळ्या पडतील. परंतु ह्यूम आणि दोलू यांच्यात या विषयावर बोलणे झाल्याचा एकही कागद उपलब्ध नाही. तराजू आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीसाठीही तोच ठेवावा लागतो. दोन माणसे एकाच गावात राहिली, एवढेच सिद्ध आहे.

१७६३ नंतर ह्यूम पॅरिसला ब्रिटिश वकिलातीत होता. तेथे बॅरन दॉल्बाकच्या घरी भोजनप्रसंगी तो म्हणाला की खराखुरा नास्तिक आपण कधी पाहिला नाही. यजमानाने सांगितले की पंगतीत अठराजण बसले आहेत, त्यांपैकी पंधरा नास्तिक आहेत आणि उरलेल्या तिघांचा निर्णय व्हावयाचा आहे. ईश्वर नाही, असे ठामपणे म्हणण्यासही पुरावा लागतो, ही ह्यूमची वृत्ती त्या मंडळींना बुळी वाटली. मायदेशी तोच मनुष्य नास्तिक म्हणून बदनाम होता.

आता त्या डागाविषयी. १७५३ साली ह्यूमने राष्ट्रांच्या स्वभावधर्मावरील आपल्या निबंधास एक तळटीप जोडली. कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांहून स्वभावतःच हीन असावेत, त्यांच्यात कोणी विद्वान वा कलावंत झाला नाही, असा तिचा आशय आहे. जमैकातील एका विद्वान कृष्णवर्णीयाची ख्याती त्याच्या कानी आली होती. तिची बोळवण त्याने त्या गृहस्थाची पोपटाशी तुलना करून केली. फ्रान्सिस विल्यम्स हाच तो गृहस्थ, असे अभ्यासक मानतात. विल्यम्स लॅटिन भाषेत काव्य करीत असे. मठातील चमत्काराची उलटतपासणी करणाऱ्या माणसाने येथे ब्रिस्टलच्या बाजारात फिरणारी समजूत न तपासता उचलली. प्राचीन रोममधील गुलामगिरीचा त्याने निषेध केला होता, हे खरे. पण १७६६ साली एका सरदारास ग्रेनाडा बेटावरील गुलामांचे मळे विकत घेण्यास उत्तेजन देणारे पत्रही त्याचेच आहे.

त्याला जाब विचारणारा निघाला तो जेम्स बीटी, एक श्रद्धाळू ख्रिस्ती प्राध्यापक. १७७० साली त्याने लिहिले की दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटन आणि फ्रान्सचे लोकही रानटीच होते. आणि एखाद्या समाजात कोणी बुद्धिमान नाही, हे म्हणण्यासाठी त्यातील प्रत्येक माणसाची माहिती हवी. गुलामास शिक्षणाची संधीच दिली नाही, तर त्याची बुद्धी दिसणार कशी? अश्रद्ध माणसाकडे पुरावा मागण्याची पाळी श्रद्धाळूवर आली! ह्यूमने पुढे तळटिपेचे शब्द बदलले, पण ती मागे घेतली नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जन्मावरून हीन ठरविले गेले आणि शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्या आम्हांस या तळटिपेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. देव न मानणारे परंतु जात मानणारे सुशिक्षित आम्ही आपल्याकडेही पुष्कळ पाहिले आहेत.

१७७६ च्या उन्हाळ्यात पोटाच्या विकाराने ह्यूम खंगला. ७ जुलैस चरित्रकार बॉस्वेल त्याला भेटण्यास गेला. मृत्यू समोर दिसताच हा मनुष्य देवाला शरण जाईल, अशी त्याची अपेक्षा असावी. मृत्यूनंतर जीवन असणे शक्य नाही काय, असे त्याने विचारले. विस्तवात टाकलेला कोळसा न जळणेही शक्य आहे, असे ह्यूम शांतपणे उत्तरला. आपण एके काळी नव्हतो या विचाराने जसे दुःख होत नाही, तसे पुढे नसण्याच्या विचारानेही होत नाही, असे तो म्हणाला. अस्वस्थ होऊन परतला तो बॉस्वेल. २५ ऑगस्टला ह्यूम वारला. त्याच्या थडग्याची विटंबना होऊ नये म्हणून मित्रांनी काही रात्री पहारा ठेवला. त्याचे शांत मरण अॅडम स्मिथने एका पत्रात वर्णिले, तेव्हा त्याच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथालाही मिळाल्या नव्हत्या इतक्या शिव्या त्याला त्या पत्रासाठी मिळाल्या. कपाटातील संवाद पुतण्याने १७७९ मध्ये छापला.

ज्या विद्यापीठाने त्याला खुर्ची नाकारली, त्याने विसाव्या शतकात एका उंच इमारतीस त्याचे नाव दिले आणि २०२० साली त्याच तळटिपेमुळे ते काढून घेतले. शहरातील मुख्य रस्त्यावर त्याचा ब्राँझचा पुतळा मात्र आहे. चबुतऱ्याबाहेर आलेल्या त्याच्या उजव्या पायाचा अंगठा परीक्षेपूर्वी घासला म्हणजे यश येते, अशी विद्यार्थ्यांत समजूत पसरली आहे. सारा पुतळा काळवंडला आहे; अंगठा तेवढा घासून घासून सोन्यासारखा चकाकतो.